दुसरी सही

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी ती थोडी थोडी दुसऱ्यांवर ढकलत जाईन, एवढं मी स्वतःला ओळखतो. एका कार्डावर मी माझ्या चित्रकलेच्या मास्तरांची खोटी सही केली. त्याहून वाईट गोष्ट पुढे केली, ती ओघात येईलच.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थानी संग्रहालयात नोंदणीचं काम पाहत होतो. आलेल्या वस्तूवर क्रमांक घालायचा, माप घ्यायचं, ती कसली, कुठली, कुणाकडून आली ते कार्डावर लिहायचं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युरोपातल्या एका संग्रहालयाच्या कचेरीवर बाँब पडून त्यांची सगळी कार्डं जळाली होती. वस्तू तळघरात होत्या म्हणून वाचल्या, पण कपाटंच्या कपाटं बिननावाची होऊन बसली. तिथल्या नोंदणी पाहणाऱ्या बाईंनी एकेका वस्तूचा फोटो नव्या कार्डावर चिकटवला आणि ती कार्डं देशोदेशीच्या आमच्यासारख्या लोकांना पाठवायला सुरुवात केली. दख्खनच्या वाटल्या त्या वस्तूंच्या कार्डांचा गठ्ठा आमच्याकडे आला.

गठ्ठा आणणारा शिपाई म्हणाला, "सायेब, लय लांबनं आलंय. आतलं तुमी ठेवा, तिकिटं तेवढी मला द्या."

बाईंनी सोबत दोन नियम लिहून पाठवले होते. प्रत्येक कार्डावर दोन जाणकारांच्या सह्या हव्यात, आणि दुसऱ्याने पहिल्याचं मत न पाहता आपलं सांगायचं. माहीत नसेल तर कार्ड कोरं सोडायचं. कोरं कार्ड बाई पुढच्या देशाला पाठवणार होत्या. कधी न पाहिलेल्या माणसांनी एकमेकांवर एवढा विश्वास टाकायचा, हे मला तेव्हा फार थोर वाटलं होतं. आजही वाटतं.

दुसऱ्या सहीसाठी मी सांगलीच्या मास्तरांकडे गेलो. शाळेत मला त्यांनीच रेघ ओढायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते जुन्या भांड्यांची, दागिन्यांची, देवळातल्या कोरीवकामाची चित्रं काढत हिंडत. एकदा पाहिलेली वस्तू ते महिन्यांनीही न पाहता काढून दाखवत. गणपतीच्या दिवसांत गल्लीतली मुलं त्यांच्या ओट्याभोवती जमायची आणि ते फळ्यावर खडूने कुठल्याही देवळातली मूर्ती हुबेहूब उतरवायचे. आपल्या स्मरणशक्तीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांना शोभायचा.

मी सातारा रोड स्टेशनवर गाडी पकडली, सांगलीजवळच्या माधवनगरला उतरलो आणि टांग्याने त्यांच्याकडे पोहोचलो. ते दिवसभर कार्डं पाहत बसले. मी माझी मतं वेगळ्या कागदावर ठेवली होती. बहुतेक ठिकाणी आमचं जुळलं आणि त्यांनी सह्या केल्या. एका फोटोशी मात्र ते अडले. पितळेची झाकणाची डबी, झाकणावर पक्षी.

"ही घडण आपल्याकडची नव्हे," ते म्हणाले. "कुठली ते मला ठाऊक नाही. कोरं सोड."

"कुंकवाचा करंडा वाटतो, मास्तर. कऱ्हाडकडचा."

"वाटतो ना? मग कोरं सोड."

आतून काकू म्हणाल्या, "त्यांना नको आग्रह करूस. स्वयंपाकघरातला करंडा कुठे असतो ते अजून ठाऊक नाही त्यांना, कऱ्हाडचा काय ओळखणार?"

आम्ही तिघेही हसलो. संध्याकाळच्या गाडीने मी परतलो.

संस्थान विलीन होणार हे तेव्हा नक्की झालं होतं. आमच्यापैकी कुणाची नोकरी राहील हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकही कोरं कार्ड न ठेवता गठ्ठा परत गेला, परदेशाहून कौतुकाचं पत्र आलं, तर नव्या सरकारपुढे ठेवायला काहीतरी होईल, असा विचार मी केला. करंडा लिहिलं, माझी सही केली. मग त्यांनीच वळण लावलेल्या हाताने त्यांची सही केली.

कौतुकाचं पत्र आलं. नव्या सरकारने मला कामावर ठेवून घेतलं.

बाईंनी ओळख पटलेल्या वस्तूंची छापील यादी फोटोंसह सगळ्या सहकारी संग्रहालयांना पाठवली. ती जावा बेटावरही पोहोचली. तिथल्या नोंदणी करणाऱ्या गृहस्थांनी कळवलं, की अगदी अशीच डबी त्यांच्याकडे आहे, ती विड्याचा चुना ठेवायची आहे, आणि ती घडवणारं घराणं अजून तिथेच काम करतं. बाईंनी हे मोठ्या अदबीने थेट मास्तरांना लिहिलं. आपण करंड्याचा निष्कर्ष कसा काढलात तेही कळावं, म्हणजे आम्हालाही शिकता येईल, अशी विनंती केली. मलाही तसंच पत्र आलं. माझं पत्र खिशात घालून मी सांगलीला धावलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो आहे.

मास्तर ओट्यावर ते पत्र घेऊन बसले होते. चेहरा उतरलेला.

"अरे, मी कोरं सोड म्हणालो होतो. म्हणालो होतो ना?" त्यांनी विचारलं. "पण इथे माझ्या नावावर करंडा लिहिलाय. मी असं म्हणालो?"

इतकं सरळ विचारलं होतं त्यांनी. मी जमिनीकडे पाहत म्हटलं, "म्हणाला असाल, मास्तर. बरीच कार्डं होती."

पत्राची घडी घालत ते पुटपुटले, "असेल. वय झालं."

त्यानंतर मी पाठवलेला कार्डांचा पुढचा गठ्ठा त्यांनी सह्यांशिवाय परत पाठवला. गणपती आले. मुलं ओट्याशी जमली आणि त्यांनी खडू हातात घेतलाच नाही, असं सांगलीहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं. "हात धजत नाही म्हणतात," तो म्हणाला. तरी मी सांगलीला गेलो नाही.

आधी लिहिलं ते परदेशातल्या बाईंना. ज्यांचं तोंड कधी पाहावं लागणार नाही त्यांच्यापाशी कबुली देणं सोपं असतं. सही खोटी आहे, मत माझं एकट्याचं, दोष माझा, एवढंच लिहिलं. त्यांचं उत्तर आखूड होतं. कार्ड दुरुस्त केलं आहे, दुसरी सही काढली आहे, आणि जावाच्या गृहस्थांना कळवलं आहे. रागाचा एक शब्द नव्हता. शेवटी एक प्रश्न होता : तुमच्या मास्तरांना तुम्ही सांगितलंत ना?

दुसऱ्या दिवशी मी सांगलीत होतो. दारात टांगा उभा. मास्तर टोपी घालून तयार, काकूंच्या हातात पिशवी.

"मिरजेला निघालोय," काकू हळूच म्हणाल्या. या खेपेला थट्टा नव्हती. "मोठ्या डॉक्टरांना डोकं दाखवायचंय. रात्री उठून मलाच विचारतात, मी आज काय काय बोललो ते सांग."

मी पायरीवरच बसलो. तिथूनच सांगितलं, की ती सही माझी होती.

मास्तर एकदम म्हणाले, "म्हणजे मी कोरं सोड म्हणालो होतो?"

"हो."

"याच शब्दांत?"

"याच शब्दांत, मास्तर."

ते काकूंकडे वळले. "ऐकलंस?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. टांगेवाल्याला त्यांनी हातानेच जा म्हटलं. टोपी काढली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळूहळू तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला.

"सही केलीस ते कळतं मला," ते म्हणाले. "नोकरी होती, घाबरलास. पण मी इथे बसून तुला विचारलं होतं. तुझ्याखेरीज विचारायला मला कुणी नव्हतं."

काकू पिशवी तशीच धरून उभ्या होत्या. मी हात जोडले आणि म्हणालो, "मास्तर, सहीची माफी मी परदेशात मागितली, ती सोपी होती. तुम्ही विचारलंत आणि तुम्हाला सगळं नीट आठवतंय हे ठाऊक असून मी 'म्हणाला असाल' म्हणालो. तुमचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला. त्याची माफी मागायला आलोय. काकू, तुमचीही."