फुगलेला डबा

आम्ही दोघे भाऊ पाथर्डीकडच्या आमच्या गावातून निघालो तेव्हा आईने दादाच्या हातात हुलग्यांची पिशवी दिली आणि पाठ फिरवून घरात गेली. रडताना कुणी बघितलेले तिला खपत नसे. त्या साली पाऊस झालाच नव्हता, विहिरीत चिखलसुद्धा उरला नव्हता. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि नगरात हमालीला माणसे घेतात असे कानावर आले होते. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरचा कर्ता दादाच. आम्ही चालतच निघालो.

नगरात लष्कराचा उरलेला माल घेणाऱ्या एका ठेकेदाराच्या गोदामात काम लागले. खोली मिळाली भिंगारच्या बाजूला. आदल्या रात्री हुलगे भिजत घालायचे, सकाळी ते पाणी फेकायचे आणि ताज्या पाण्यात दाणा बोटाने चिरडेपर्यंत शिजवायचे, ही आईची रीत. आमच्या आळीत एकदा अर्धाकच्चा घेवडा खाऊन घरेच्या घरे ओकून बेजार झाली होती, तेव्हापासून कच्च्या दाण्याला ती फार भिई. दादाने आधी ही रीत पाळली. पण सरपण मिळेना, आणि गोदामातून सुटेपर्यंत अंगात त्राण उरत नसे. हुलगे पिशवीतच राहू लागले आणि आम्ही मीठ-भाकरीवर दिवस काढू लागलो.

गोदामात लष्करासाठीचे, शिजवलेल्या घेवड्याचे बंद डबे होते. मुकादम कुठला तरी लांबचा माणूस. फुगलेले डबे वेगळे काढा आणि खड्ड्यात पुरा, एवढेच त्याने सांगितले. का, ते सांगितले नाही. आता आमच्याकडे जमिनीत पुरतात ते चांगले धान्य, पेवात, अडीअडचणीला काढायला. ठेकेदार उत्तम माल दडवतोय अशी दादाची खात्रीच झाली. त्याने एक डबा धोतरात खोचून खोलीवर आणला.

"ह्यो बघ," फुगीर झाकणावर टिचकी मारत तो म्हणाला, "भाकरीवानी फुगलाय. आत वाफ हाय अजून. लई बेस शिजलाय."

कोयत्याचे टोक घालताच डबा फुसफुसला, तेव्हा तर तो हसलाच. आतला रस तांबडा, आणि चवीला गोड असे दादा म्हणाला. गोड घेवडा म्हणताच मी हात लावला नाही, भाकरीच खाल्ली. आईने तुला लाडावून ठेवलंय, असे म्हणून त्याने माझी थट्टा केली आणि थंडच डबा बोटाने पुसून संपवला. कितीतरी महिन्यांनी त्याने ढेकर दिली.

दुसऱ्या दिवशी त्याला एकाचे दोन दिसू लागले. मग पापण्या उचलेनात, आवाज नाकातून येऊ लागला, पाण्याचा घोटही गिळवेना. ताप नव्हता आणि शुद्ध पक्की होती. दवाखान्यात त्याने माझा हात घट्ट धरला होता, मग त्याच्या हातातली ताकदही गेली आणि शेवटी श्वास थांबला. डॉक्टर म्हणाले, असा डबा फुगतो तो आत विष झाल्यामुळे. तो चाखूनही बघायचा नसतो, उकळूनसुद्धा खायचा नसतो. त्या मुकादमाचा मला आजही राग येतो. एक वाक्य जास्त बोलला असता तर त्याचे काय गेले असते?

मी नगरातच राहिलो, इथेच संसार केला. आता सून दुकानातून डबे आणते. वेळ वाचतो म्हणते, आणि तिचे चूक नाही. मी डबा फिरवून बघतो. फुगलेला, गळका, गंजलेला किंवा खोल पोचा आलेला असेल तर घरात ठेवू देत नाही. ती हसते, मी पुढचा डबा उचलतो.

गावी राहिलेले तुम्ही सगळे विचारता, परत का आला नाहीस. दादाचे सगळे उरकून मी आलो होतो. आईला सारे सांगितले, डबा, विष, दवाखाना. मग तिने एवढेच विचारले, "उपाशी तर न्हाई ना गेला?"

"न्हाई, आये. पोटभर जेवला हुता."

तिने मान हलवली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती तेच सांगत राहिली, माझा थोरला भरल्या पोटानं गेला. आणि त्या बायका नशीब चांगलं म्हणत होत्या, मनापासून. त्या गावात मला पुन्हा राहता आले नाही. पण घर म्हटले की मला अजून त्या बायकांमध्ये बसलेली आईच दिसते, जरा समाधानी.