टोपलीचं बूड
ओल्या बांबूचा वास आला की किनवटकडची ती कोलामांची वस्ती आठवते. नांदेडच्या प्रदर्शनासाठी मी तिथं टोपलीच्या घाटाचे बांबूचे लॅम्पशेड निवडायला गेले होते. एका बाईची वीण इतकी एकसारखी होती, की मला वाटलं, हिनं हे बाजारातून आणलेलं दिसतंय. "माझ्यासमोर विणून दाखवा," मी म्हटलं. तिनं कामट्या घेतल्या आणि सरळ पाठ फिरवली. वळली तेव्हा बूड विणून झालेलं होतं. "लपवता कशाला?" "आमच्या आजीच्या टोपलीचं बूड हाय हे. मागं एक मॅडम फोटो काढून गेली, आता तिच्या नावानं विकून राहिली. तुम्ही न्हाई ना काढला?" "छे!" म्हणत मी मोबाईल पर्समध्ये टाकला. त्यात मघाशी लॅम्पशेड निवडताना काढलेले त्याच विणीचे तीन फोटो होते. अजून आहेत.