तोराचा तुकडा आणि शनिवारचा बंद फोन

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला अजून हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण धर्मग्रंथाच्या मागे जीप घेऊन दफनभूमीत धावायची वेळ एकदाच आली.

मी तेव्हा मुलुंडला होतो. हद्दीतल्या एका चर्चच्या सभागृहात ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या दुर्मिळ हस्तलिखितांचं प्रदर्शन भरलं होतं. हाताने लिहिलेली बायबलची पानं, चामड्यावर लिहिलेला तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ ग्रंथ. लोक कुतूहलाने येत होते. बंदोबस्ताला दिलेला आमचा हवालदार तर दुसऱ्या दिवशी बायकोलाही दाखवायला घेऊन आला.

शनिवारी सकाळी आयोजक तणतणत पोलीस स्टेशनला आले. निवृत्त प्राध्यापक, आवाज वर्गात असल्यासारखा. तोराचा तळहाताएवढा तुकडा गायब झाला होता. कोकणातल्या एका बेने इस्रायली कुटुंबाने, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून मराठीच बोलणाऱ्या ज्यूंनी, तो विश्वासाने उसना दिला होता. प्राध्यापकांचा संशय पहारेकऱ्यावर. तासाभरात एका प्रेक्षकाचा फोनही आला: शुक्रवारी संध्याकाळी पहारेकरी एक जड बॅग बाहेर नेताना त्याने पाहिला होता.

पहारेकऱ्याला बोलावलं. गोवंडीहून येणारा, चाळिशीचा, इस्त्रीचा युनिफॉर्म घातलेला माणूस. चहा समोर ठेवला तरी हात लावेना.

"बॅग नेलीस?"

"नेली ना साहेब. आजोबा म्हणाले, उचल रे जरा, गुडघे दुखतात. रिक्षात ठेवून दिली. आत काय होतं मला काय माहीत?"

आजोबा म्हणजे ठाण्याला राहणारे एक बेने इस्रायली गृहस्थ. प्रदर्शनात लोकांना माहिती सांगायचे. त्यांचा फोन लावला तर बंद.

"आज त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. उद्याशिवाय फोन लागायचा नाही," प्राध्यापक म्हणाले. "पण त्यांचं नाव कशाला मध्ये आणता? हा खोटं बोलतोय. आत टाका याला."

पहारेकरी माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण चोर म्हणून गेलो तर मला कोण ठेवील?"

खोटं बोलणारा माणूस पोलिसाला बरंच काही सांगतो. न विचारलेलंही सांगतो. हा विचारलं तेवढंच बोलत होता. शिवाय जागा मी स्वतः पाहून आलो होतो. कपाटाची काच शाबूत, कुलूप शाबूत, किल्ली प्राध्यापकांच्याच खिशात. मी स्टेशन डायरीत नोंद केली, पहारेकऱ्याला घरी पाठवलं आणि रविवारी सकाळी दोघांनाही यायला सांगितलं. प्राध्यापक वरिष्ठांकडे जाण्याची धमकी देऊन गेले. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. असल्या धमक्यांची तेव्हा गंमत वाटायची.

रविवारी आजोबा बोलावण्याआधीच हजर. आधी सभागृहात गेले होते, तिथे त्यांना सगळं कळलं होतं. "बॅग मीच दिली त्याला," ते दारातूनच म्हणाले. "शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचं असतं, म्हणून घाई होती. त्या पोराला उगाच छळू नका."

खुर्चीत बसताना त्यांच्या खिशातलं लहानसं प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं. गुडघे दुखत असताना ते वाकले, पुस्तक उचललं, त्याचं चुंबन घेतलं आणि मगच नीट बसले. मला राहवेना. आमच्याकडे मूर्ती भंगली की पाण्यात सोडतात, ते डोक्यात आलं.

"असं पुस्तक फाटलं की काय करता हो?"

"पुरतो, साहेब. देवाचं नाव आहे त्यात, कचऱ्यात कसं टाकणार? प्रदर्शन बघून आमचे लोक घरातली फाटकी पुस्तकं आणून देत होते. टेबलावर ढीग झाला होता. तोच बॅगेत भरला."

"टेबलावरचं सगळं?"

"सगळं. कपटासुद्धा मागे ठेवायचा नसतो."

मी प्राध्यापकांकडे वळलो. "शुक्रवारी तो तुकडा कपाटाबाहेर काढला होता?"

"फोटोसाठी. पाकिटात घालून जरा वेळ..." ते थांबले. "टेबलावर ठेवला होता."

"बॅग कुठे आहे, आजोबा?"

"पुतण्याकडे. तो आता ठाण्याला आमच्या दफनभूमीत असेल. आजच पुरायचं ठरलंय."

पुतण्याचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. आम्ही सगळे जीपमध्ये बसलो. बॅग ओळखायला पहारेकरीही. हवालदार म्हणाला, "वाट लागली साहेब. हद्द ठाण्याची. आणि पुरलेलं उकरायचं तर तहसीलदारांची ऑर्डर लागते ना?"

"माणूस उकरायचा तर लागते," मी म्हटलं. "पुस्तकांचं कायद्यात काही नाही. हद्दीचं ठाण्याच्या पोलिसांना वाटेत कळव."

पोचलो तेव्हा खड्ड्यावर माती पडायला सुरुवात झाली होती. जीप बघून पुतण्याच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. खड्ड्यात डोकावून पहारेकरी ओरडला, "तीच बॅग, साहेब." बाकी सारे बघत राहिले आणि तोच खड्ड्यात उतरला. बॅगेत अगदी वर, पाकिटात, तो तुकडा सुखरूप होता. प्राध्यापकांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि पहारेकऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, "चुकलो मी." आवाज या वेळी वर्गातला नव्हता. मला फार बरं वाटलं. बॅग पुन्हा खड्ड्यात ठेवली. मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. पहारेकऱ्याने टाकली, मीही टाकली.

वस्तू नाहीशी झाली की ती कोणाला हवी होती, हे विचारायची आम्हाला सवय. त्या दिवसापासून मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: ती जपायची कोणाला होती? निवृत्तीच्या उंबरठ्यावर शिकलो, पण शिकलो.

संध्याकाळी प्रदर्शन आवरत होतं तेव्हा मी मुद्दाम गेलो. टेबलावर पुन्हा फाटक्या पुस्तकांचा ढीग, आजोबांच्या हातात दुसरी बॅग. पहारेकऱ्याने ती त्यांच्याकडून घेतली, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"आजोबा, आधी उघडून दाखवा."

आजोबांनी हसत हसत एकेक पुस्तक बाहेर काढून दाखवलं. मग त्यानेच ती बॅग खांद्याला लावली आणि रिक्षात नेऊन ठेवली.