कारणाचा रकाना

एप्रिल संपायला पाच दिवस उरले होते आणि आमच्या अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या घरात कुणालाच एका जागी बसवत नव्हतं. लेकीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला होता. एक आमच्याच राज्यातलं, परवडणारं. दुसरं लांब समुद्रकाठचं. तिथेच जायचं, हे तिनं आठवीपासून ठरवलेलं. पण ते आर्थिक मदत किती देणार, हेच कळत नव्हतं, आणि मदतीशिवाय ते आमच्या आवाक्याबाहेर होतं. एक मेपर्यंत कुठेतरी डिपॉझिट भरायचं होतं, तेही परत न मिळणारं.

"दोन्हीकडे भरून टाकू," नवरा म्हणाला. "आपण नाही का, सीट अडवून ठेवायचो?"

"बाबा, दॅट्स चीटिंग! एकालाच हो म्हणायचं असतं."

मला धीर धरवत नाही, कधीच नाही. मी सरळ त्या कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला. तिथली बाई गोड बोलली. म्हणाली, यंदा उत्पन्न घटल्याचं तुम्ही कळवलंय, पण कारणाच्या रकान्यात नुसतं 'वैयक्तिक' लिहिलंय. खुलासा पाठवा, लगेच बघतो.

फॉर्म नवऱ्यानं भरला होता. नोव्हेंबरात त्याची नोकरी गेली होती आणि आम्हा दोघींपलीकडे त्यानं कुणालाही ते कळू दिलं नव्हतं.

"परक्यांपुढे कशाला रडगाणं?" तो पुटपुटला.

मी अशी भडकले! "तुझा ताठा सांभाळायचा की पोरीचं कॉलेज?"

लेक लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी बसली. "बाबा, तू सांग. आय विल टाइप." तो मराठीत सांगत गेला, ती इंग्रजीत उतरवत गेली. नोकरी गेल्याचं वाक्य त्यानं दोनदा खोडायला लावलं आणि पुन्हा लिहायला सांगितलं. मला माझ्या भडकण्याची लाज वाटली.

चार दिवसांनी सकाळी ईमेल आली. आकडा वाचून लेक अशी किंचाळली की माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. पुरेशी मदत मिळाली होती! पोहे करपले, करपेनात का! आम्ही तिघं स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो आणि तिथल्या तिथे डिपॉझिट भरलं.

नवऱ्याला राहवेना. त्यानं नागपूरला मोठ्या भावाला फोन लावला. "दादा, पोरीला हवं ते कॉलेज मिळालं! त्यांनी मदतही दिली!"

मदत कशी काय, असं पलीकडून विचारलं असावं.

"अरे, नोकरी गेली ना माझी, नोव्हेंबरातच," तो म्हणाला, आणि कॉलेजपासून समुद्र किती जवळ आहे ते हसत हसत सांगत राहिला.