भिंगरीची घट्ट रॅकेट

माझ्या धाकट्या बहिणीला, भिंगरीला, त्या दिवशी सकाळी स्वतःची वेणी घालता येईना. उजवा हात खांद्याच्या वर जाईचना. वय बारा! मी तिची वेणी घातली आणि तडक बाबांकडे गेले.

बाबा बॅडमिंटनच्या रॅकेटींना जाळी घालतात. शाळा सोडल्यापासून मी त्यांच्याच दुकानात असते, म्हणून मला कळतं. भिंगरी आधी पोहायची, झाडावर चढायची, पोरांत फुटबॉल खेळायची. मग तिचे बॅडमिंटनचे सर म्हणाले, "चॅम्पियन करायचीय ना? बाकी सगळं बंद." बाबांनी बंद केलं. वर सरांच्या सांगण्यावरून तिची जाळी मोठ्या खेळाडूंएवढी ताणून दिली. लाडानं! जाळी घट्ट असली की मारायला जोर जास्त लागतो. तो आणायचा कुठून? त्या एवढ्याशा खांद्यातून.

"बाबा, सैल करा जाळी. तिचा हात वर जात नाहीये."

"आज संघाची निवड आहे. डोकं खाऊ नकोस."

"अहो पण..."

"सरांना कळत नाही आणि तुला कळतं? नववीतनं घरी बसलेली तू!"

लागलं मला. पण गप्प बसेन तर मी कसली!

निवडीच्या सामन्यात दुसऱ्या गेमला भिंगरी सगळं खालूनच मारायला लागली. सर ओरडले, "वरून मार! झोपलीस का?" तिनं वरून फटका मारला, आणि खांदा धरून खालीच बसली. मी कोर्टात घुसले.

"ती नाही खेळणार."

पंच म्हणाले, "ते तिनं सांगायचं. तू बाहेर हो."

"ऊठ गं राणी, थोडंच राहिलंय," सर म्हणाले. "रॅकेटचंच काहीतरी असेल. अहो, दुसरी द्या तिला," ते बाबांना म्हणाले.

भिंगरीनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती बाबांकडे बघत होती. बाबा रॅकेट घेऊन पुढे आले. तिनं हात पुढे केला, डावा. उजवा लोंबत होता. बाबा जागीच थांबले.

"बघताय काय? द्या!"

"नाही सर." बाबांनी रॅकेट मागं घेतली. "हीपण मीच ताणलीय. नाही देणार."

मग भिंगरी पंचांना म्हणाली, "मी सामना सोडते." सर पाय आपटत निघून गेले.

रिक्षात ती माझ्यावर किंचाळली, "तुझ्यामुळे गेलं सगळं!"

"हो, माझ्यामुळे. घाल शिव्या."

पुढे बसलेल्या बाबांनी मागं वळून बघितलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाले, "घरी नको. हाडांच्या डॉक्टरकडे घ्या."