चौथा कोपरा

वस्तू निर्जीव असतात हे मी शाळेत शिकले आणि पुढची चाळीस वर्षं त्या माहितीवर निर्धास्त जगले. ती निर्धास्ती एका दुपारी ज्यांनी माझ्याकडून काढून घेतली आणि पुन्हा कधी परत केली नाही, ते माझे काकासासरे. जड सामान हलवणारी माणसं पनवेलात पुष्कळ असतील, पण सामान ज्याचं ऐकतं असा माणूस मी हा एकच पाहिला. तळोज्याच्या एका कारखान्यात ते खलाशी होते. म्हणजे जहाजावरचे नव्हेत. अवजड यंत्रं पहारी लावून, दोर बांधून, पाइपांवरून घरंगळवत इकडची तिकडे नेणाऱ्या टोळीला तिथे खलाशीच म्हणतात. टोळीत आसपासच्या गावांतली आगरी-कोळी मंडळी, त्यामुळे एरवी आमच्यासारखं बोलणारे काका हातात दोर आला की 'हाय' आणि 'नाय'वर उतरत. अंगाने अगदी काटकुळे. उजव्या कानाच्या पाळीला मात्र कायम धूळ लागलेली, कारण हलवायच्या प्रत्येक वस्तूला ते आधी कान लावत, बोटाच्या पेराने ठोकत आणि आतून उत्तर आल्यासारखी मान डोलवत.

त्यांचे नियम होते आणि ते मोडलेले त्यांना खपत नसे. हलवायच्या वस्तूवर आदल्या दिवसापासून कुणी बसायचं नाही. तिच्यासमोर तिला विकण्याची भाषा करायची नाही. माझ्या नणंदेने, म्हणजे ताईंनी, घर बदलताना फ्रिजसमोरच म्हटलं, "तिकडे गेल्यावर याला काढून नवा घेऊ." फ्रिज लिफ्टच्या दारात असा अडकला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. काका जिन्याच्या पायरीवर शांत बसून राहिले. "माफी माग त्याची," एवढंच म्हणाले. ताई शाळेत मुलांना कवायत शिकवतात, कुणाचं ऐकून घेण्याची त्यांना सवय नाही. पण पाऊण तासानंतर त्या फ्रिजकडे बघून म्हणाल्या, "बरं बाबा, नाही काढत." फ्रिज आत गेला. तो अजून त्यांच्याकडे आहे. बंद पडलाय, त्यात त्या कांदे ठेवतात.

कामोठ्याला आमच्या घरी नवा सोफा आला तेव्हा काका त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ह्याला ही भिंत पसंत नाही." मी हसले. आठवड्याने झाडताना पाहिलं तर सोफा भिंतीपासून चार बोटं सुटलेला. मी त्याच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. पुढच्या आठवड्यात तो त्या खुणांच्याही बाहेर. मी फोन करून काकांना ठणकावून सांगितलं, की फरशीला उतार आहे, मी गोटी सोडून तपासलंय. "गोटी कुठे गेली?" त्यांनी विचारलं. "भिंतीकडे," मी म्हणाले. "आणि सोफा?" मी फोन ठेवला आणि सोफा समोरच्या भिंतीला नेला. तिथे तो आजपर्यंत जागचा हललेला नाही.

पण मी सांगणार आहे ते कपाटाचं. जुन्या पनवेलात सासूबाई एकट्या राहत होत्या ती इमारत पाडून नवी बांधायची ठरली. घरं रिकामी करायच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला चाव्या घ्यायला माणूस येणार होता. त्या दिवसाची माझी यादी तयार होती: काम, वेळ, लागणारी माणसं, असे तीन रकाने. दुपारी दोनपर्यंत सगळ्यावर खुणा झाल्या आणि एकच ओळ उरली. सासऱ्यांनी आणलेलं सागवानी कपाट. सामान नेणाऱ्या लोकांनी ते सगळीकडून मोजलं आणि म्हणाले, "मॅडम, हे निघणार नाही. कापावं लागेल." आणि बाहेर टेम्पोत जाऊन बसले. दाराबाहेर अरुंद बोळ, तिथे भिंतीला वीजमीटरची लोखंडी पेटी. उभं नेलं की कपाटाच्या माथ्यावरची बाहेर आलेली नक्षीची पट्टी पेटीला अडकत होती. आडवं केलं की बोळात वळत नव्हतं. सासूबाईंनी रिकाम्या खोलीत कपाटासमोर प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसल्या. "कपाट इथे राहणार असेल तर मीही इथेच राहते. येऊ दे तो चाव्यावाला." त्या तसं बोलतात तेव्हा तसंच करतात. मी काकांना फोन लावला.

काका आले. पंखे उतरवलेले, पडदे काढलेले, बोललेला प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येत होता. त्यांनी मला, यजमानांना आणि ताईंना गप्प केलं आणि कपाटाला कान लावून बराच वेळ उभे राहिले. त्या शांततेत कपाटाचं लाकूड एकदा कुरकुरलं. दारं मी स्वतः काढून ठेवली होती, आत काही नव्हतं, हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे. "हे जायचं कसं ते नका विचारू," काका म्हणाले. "हे आलं कसं ते विचारा. आत आलेलं बाहेर जातंच."

आता हे सांगणार कोण? सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. कपाट आलं त्या दिवशी काका कारखान्यात पाळीवर होते. माझे यजमान आणि ताई तेव्हा लहान, शाळेत गेलेले.

"वहिनी, तुम्ही होतात," काका म्हणाले.

"मी आत कोळंबी सोलत होते, भावजी. खरखर ऐकू आली, मग हे म्हणाले, 'सावकाश टेकवा.' हात धुऊन बाहेर आले तर कपाट इथे उभं."

"आणखी काय पाहिलंत?"

"काय पाहणार? पुसलं." सासूबाईंनी मान वर करून कपाटाकडे पाहिलं. "माथ्यावर माती होती. बोळातली, ओली. खुर्चीवर चढून पुसली. एवढ्या उंच माती कशी गेली हे मला अजून कळलेलं नाही."

काकांनी डोळे मिटले आणि हसले. "दादाने डोक्यावर उभं करून आणलंय."

मी वहीत आकृती काढून पाहिली. उलटं केलं की नक्षीची पट्टी जमिनीलगत, पेटीच्या खालून जाणार. वरचा भाग सरळ, पेटीच्या बाजूने निसटणार. सगळ्यांनी कपाट मोजलं होतं, पण त्याचा प्रवास कुणीच विचारला नव्हता. मी 'माणसं' या रकान्यात चार लिहिलं. काकांनी पेन घेऊन ते खोडलं. "तीन लिही, सूनबाई. चौघं धरतात तेव्हा एक जण नुसता हात लावतो, आणि तो कोण हे कळत नाही. तिघांत फसवाफसवी नाही."

"आणि चौथा कोपरा?" यजमानांनी विचारलं.

"ज्याने वस्तू घरात आणली त्याचा. तो लिहायचा नसतो."

टेम्पोतून परत आणलेल्या गाद्यांवर आडवं करून, पहार लावून आम्ही ते कपाट पाय वर करून उभं केलं. माथ्याखाली ओलं गोणपाट. डोक्यावर उभं असलेलं कपाट माणसासारखं दिसतं. त्याकडे फार वेळ बघवत नाही. यजमान, ताई आणि मी तीन कोपऱ्यांना. काका बोळात, दोन्ही हातांनी मीटरची पेटी सांभाळत, कपाटाला बांधलेल्या दोराचं टोक दातांत धरून. गोणपाटावरून ते उंबऱ्यापर्यंत सरकत आलं. उंबऱ्यावरून मात्र चार बोटं उचलणं भाग होतं. काकांनी मानेने खूण केली आणि आम्ही उचललं. माझ्या समोरचा कोपरा, ज्याला कुणाचाही हात नव्हता, आमच्याबरोबर सरळ वर आला. एका बोटाचाही झोल नाही. यजमान नंतर म्हणाले की भार वाटला जातो, हे शास्त्र आहे. असेल. पण उचललं तेव्हा त्यांनीही त्या कोपऱ्याकडे पाहिलं होतं आणि त्यांच्या दंडावर काटा आलेला मला दिसला होता.

कपाट पेटीला न घासता निसटलं. तेवढ्यात शांतपणे कुणीतरी म्हणालं, "सावकाश टेकवा."

आम्ही टेकवलं. हे कोण म्हणालं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. यजमानांच्या मते काका. ताईंच्या मते यजमान. मी एवढंच सांगू शकते की काकांच्या दातांत दोर होता, आणि दोर धरलेले काका 'टेकवा' म्हणत नाहीत, 'ठेव रं' म्हणतात. खोलीत सासूबाई खुर्चीवरून उठल्या, पदर नीट केला, चप्पल घातली आणि कुणी न सांगता बाहेर आल्या. "चला," म्हणाल्या. "ते पुढे गेले." सहाला चावी दिली.

त्यानंतर काका आमच्याकडे आले की कपाटाला एकदा कान लावून मगच चहा घेत. तेव्हापासून माझ्या याद्यांची पहिली ओळ बदलली. काम कुठलंही असो, आधी लिहिते: 'हे इथवर आलं कसं?' ऑफिसातल्या कितीतरी गाठी त्या एका ओळीने सुटल्या. हे काकांना सांगायचं ठरवलं होतं, यादीतही होतं. राहून गेलं.

गेल्या श्रावणात काका गेले. महिन्याने त्यांची खोली रिकामी करायला आम्ही तिघं गेलो. उरली होती त्यांची लोखंडी पेटी, पहारी आणि साखळ्यांनी भरलेली. ती त्यांनी कारखान्यातून निवृत्तीच्या दिवशी स्वतः आणली होती. आदल्या दिवसापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. यजमानांनी एक कोपरा धरला, ताईंनी दुसरा, मी तिसरा. चौथ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पेटी उचलली तर तो कोपरा जमिनीवरून खरखरत येऊ लागला. दारापर्यंत फरशीवर एक पांढरी रेघ उठत गेली. ताईंचे डोळे भरले. "नाही आले," त्या हळूच म्हणाल्या.

उंबऱ्याशी पोचलो आणि खरखर थांबली, पेटी मात्र थांबली नाही.

मी मागे वळून पाहिलं नाही. पेटी बाहेर टेकवली, वही काढली, त्या ओळीपुढे खूण केली आणि माणसांच्या रकान्यात तीन लिहिलं. चौथा लिहायचा नसतो.