तापलेली धूळ

गेल्या वर्षी धाकटी बहीण देवास गेटला आमच्या घरी आली आणि म्हणाली, नवरा मारतो. आईने तिला खिडकीशी नेऊन तिचा चेहरा, दंड, पाठ पाहिली. "निशाण तर एकही नाही," म्हणाली आणि तिला माधव नगरला सासरी परत पाठवलं. मी आईशी कडाकडा भांडले. पण भांडून काय होतं, पोरगी गेलीच.

पुढच्या महिन्यात फ्रीगंजला मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. उष्णता टिपणारा कॅमेरा नेला होता, त्यातलं चित्र मोठ्या पडद्यावर उमटत होतं, जास्त गरम ते पिवळं. जिथे नवे तारे जन्मतात तिथे धूळ फार असते, मी सांगत होते. ती ताऱ्यांचा उजेड गिळते, तापते आणि उष्णतेचे अवरक्त किरण सोडते. डोळ्यांना अंधारच दिसतो. आत आग आहे हे कॅमेऱ्याला कळतं.

तेवढ्यात बहीण नवऱ्याबरोबर आली, तोंडाला पावडर थापून. मी तिला कॅमेऱ्यासमोर बोलावलं. ती नको म्हणाली. "जा ना, ताई बुलावतायत, शर्मायचं काय?" म्हणत त्यानेच तिला पुढे ढकललं.

पडद्यावर तिचा चेहरा आला. डाव्या गालावर पाच बोटं, पिवळीजर्द, थेट कानापर्यंत. बाहेर गाडीतच मारलं असणार, इतकं ते ताजं होतं.

"मशीन खराब आहे तुमची," तो हसून म्हणाला.

माझं डोकं फिरलं. माइकचा लोखंडी स्टँड उचलून मी त्याच्या खांद्यावर हाणला. तो खुर्च्यांवर कोसळला. दुसरा फटका तोंडावर बसला, ओठ फुटला, शर्टावर रक्त सांडलं. लोक मला मागे ओढत होते तरी मी लाथ घातली. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

आई पहिल्या रांगेतून उठली. बहीण अजून कॅमेऱ्यासमोरच उभी होती.

"मागच्या वेळी पण असंच होतं?" आईने विचारलं.

"हो. तुझ्याकडे येईस्तोवर उतरायचं."

जावई ओठ पुसत उठला. "आई, बघितलं ना तुम्ही? सगळ्यांसमोर?"

"बघितलं," आई म्हणाली. "घराची चाबी द्या. तिचं सामान आणायचंय."